मागच्या चाकाचा आस

पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालयच उभारलंय. पण आज काम आपल्या घरच्या सायकलीचं. मागचं चाक डुगडुगतंय? मग आस, म्हणजे सायकलवाल्यांचा 'एक्सल', वाकला असेल.

वाकतो तो बहुधा मागचाच, आणि तोही साखळीच्या बाजूला. का बरं? पट्टी टेबलाच्या कडेवर धरून दाबा. जितकी बाहेर, तितकी जास्त वाकते. साध्या सायकलीत फ्रीव्हीलमुळे त्या बाजूचे छर्रे बरेच आत राहतात आणि आसाचं टोक बिनआधाराचं. वर स्वार, शिवाय कॅरिअरवर धाकटा भाऊ!

सायकल उलटी करून चाक काढा. आस बोटांनी फिरवा. टोक डोललं तर नक्की वाकलाय. दोन्हीकडे किती बाहेर आहे ते मोजा. मग खाली परात ठेवा, नाहीतर छर्रे थेट कपाटाखाली! डावीकडचा नट आणि छर्रे दाबून धरणारा 'कोन' काढला, की आस उजवीकडून ओढायचा. छर्रे मोजा, बहुधा नऊ-नऊ असतात. जुना आस दुकानात न्याच; लांबी आणि आटे जुळायला हवेत.

ग्रीस भरून नवा बसवताना खरं कसब कोनाचं. फार आवळला तर चाक अडखळतं, ढिला राहिला तर डुगडुग कायम. कोन पातळ पान्याने धरूनच नट आवळा. दोन-तीनदा खटपट होणारच. चाकाचे बाहेरचे नट मात्र बाबांकडून किंवा आईकडून आवळून घ्या, आणि ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.