माकडाचा खेळ, आगकाड्या आणि उलव्याचा डोंगर

रील बघणाऱ्या पोरांना नावं ठेवणाऱ्या मंडळींसाठी ही पोस्ट. १८९९ साली सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्यानं काय टिपलं? हँगिंग गार्डनमधली कुस्ती. मग माकडाचा खेळ! देवादिकांच्या आधी आपल्या पडद्यावर पैलवान आणि माकड आले, हे विसरू नका.

फाळक्यांचंही तेच. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि महिनाभराची वाढ मिनिट-दोन मिनिटांत दाखवली. ही गंमत बघूनच भांडवल देणारा तयार झाला, म्हणून १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' होऊ शकला. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी चक्क काडेपेटीतल्या काड्या नाचवल्या. जादूचे प्रयोग करताना नाव घ्यायचे प्रोफेसर केळफा. (फाळके उलटं वाचा.)

यातलं उरलं किती? सावेदादांची कुस्ती आज बघायला मिळत नाही. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'ची चारपैकी दोनच रिळं हाती आहेत, तिथं फुटकळ गमतीजमती कोण जपणार?

हे आपल्या नवी मुंबईत परत घडतंय. नवं शहर का हवं, हे सांगणारा 'सिटी ऑन द वॉटर' हा लघुपट चार्ल्स कोरियांनी १९७५ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केला. म्हणजे नियोजनकारांची बाजू फिल्मवर आहे. गावांची कुठंय? उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापला, नदी वळवली. तो डोंगर, मिठागरं, होड्या, हळदीचा नाच हे सगळं दिसत असेल तर कुणाच्या तरी लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये, नवरदेवाच्या मागं. त्या कॅसेटला दर पावसाळ्यात बुरशी लागते, आणि वाजवायला व्हीसीआर कुणाकडे राहिलाय?

चौकात फ्लेमिंगोचे पुतळे उभारायला पैसा आहे ना? मग महापालिका आणि सिडकोनं मिळून गावागावांत शिबिरं लावावीत. कॅसेट आणा, डिजिटल प्रत घेऊन जा, घरच्यांची परवानगी असेल तर एक प्रत शहराकडे ठेवा. आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात महिन्यातून एक सकाळ या फिल्मा दाखवा, सोबत फाळक्यांचं जे काही उरलंय तेही.

तोवर तुम्ही एक करा. आजच माळ्यावर चढा. कॅसेट सापडली तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि साल लिहा. यादी मी करतोय.