मास्तर, पण ब्रेक गेले कसे?



गेल्या नोव्हेंबरात जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला जाताना चोर्ला घाटात आमच्या गाडीचे ब्रेक गेले. गाडीत माझी आई होती, पत्नी होती आणि रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातली दोन मुलं होती. कुणालाही खरचटलं नाही. परत आल्यावर मी ही गोष्ट आपल्या प्रार्थना मेळाव्यात साक्ष म्हणून सांगितली. डॅशबोर्डवरच्या संत क्रिस्तोफरच्या मेडलला हात लावून आईने कशी प्रार्थना केली आणि गाडी कशी डोंगराच्या कडेला अलगद थांबली, हे सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले. माझेही आले.

मेळावा संपल्यावर त्या दोन मुलांपैकी एकाची आई माझ्याजवळ आली. तिने देवाचे आभार मानले आणि मग अगदी साधेपणाने विचारलं, "मास्तर, पण ब्रेक गेले कसे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, पण साक्षीत मी ते सांगितलं नव्हतं. आज ते इथे लिहितो आहे.

ऑगस्टमध्ये गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गॅरेजच्या मेस्त्रीने ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण उघडून दाखवलं होतं. तेल काळपट झालं होतं. तो म्हणाला, "मास्तर, दोन वर्षांच्या वर झालीत. आता बदलाच. मागचे टायरही घासलेत." मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ म्हणजे नाताळानंतर, असं मी मनात धरलं होतं. काम काही शे रुपयांचं होतं. त्याच महिन्यात मी गाडीसाठी नवं मेडल घेतलं, आरशाला जपमाळ लावली आणि फादरांकडून गाडीला आशीर्वाद घेतला. मेडल आणि जपमाळ मिळून ब्रेक ऑईलइतकेच पैसे गेले असतील. देवाच्या वस्तूंवर खर्च करताना हात आखडला नाही, देवाच्या लेकरांच्या जिवासाठी मात्र आखडला.

घाटात झालं ते काही गूढ नव्हतं. जांबोटी, कणकुंबी करत आपण चोर्ल्यापर्यंत येतो आणि मग केरीपर्यंत वळणावळणाचा उतार लागतो. पेट्रोल वाचावं म्हणून मी गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवली होती आणि सगळा भार ब्रेकवर टाकला होता. ब्रेक सतत दाबला की चाकापाशी प्रचंड उष्णता तयार होते. ब्रेक ऑईलचा स्वभाव हवेतला ओलावा ओढून घेण्याचा. जुन्या तेलात पाणी मुरलेलं असतं. ते तापलं की त्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल थेट खाली जातं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. माझं पेडल तसंच खाली गेलं.

दुसरा गिअर, मग पहिला, हॅंडब्रेक, आणि गाडी डावीकडच्या चरीत घातली. सुदैवाने डावीकडे डोंगर होता. दरवाजा मातीला घासत गेला आणि गाडी थांबली. उतरून पाहिलं तर पुढच्या वळणावर, वीस-पंचवीस पावलांवर, आठ-दहा माणसं रस्त्याच्या कडेने चालत होती. खांद्यावर पिशव्या, हातात जपमाळ. तीही जुन्या गोव्यालाच निघाली होती, संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला, पायी. धावत येऊन त्यांनी आईला पाणी दिलं, मुलांना सावलीत बसवलं आणि सगळ्यांनी मिळून गाडी चरीतून वर काढली. ज्यांच्या अंगावर माझी गाडी जाणार होती, त्यांच्याच हातचं पाणी आम्ही प्यालो.

देवाने वाचवलं यात मला तिळमात्र शंका नाही. पण कुणाला कुणापासून वाचवलं? मी साक्षीत सांगितलं की देवाने आम्हाला संकटातून वाचवलं. खरी साक्ष अशी होती की देवाने त्या चालणाऱ्या माणसांना माझ्यापासून वाचवलं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. गाडीची निगा हा आपण गॅरेजचा विषय समजतो. तो पाचव्या आज्ञेचा विषय आहे. घासलेले टायर, एका डोळ्याचा हेडलाईट, पुढे ढकललेलं ब्रेकचं काम, या गोष्टी आपण आळस किंवा काटकसर म्हणून सोडून देतो. कुमसाराच्या वेळी त्या आपल्याला आठवतही नाहीत. त्या आठवायला हव्यात.

पवित्र शास्त्राला मोटार ठाऊक नव्हती, पण बैल ठाऊक होता. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात माणसाला शिंग मारणाऱ्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक कुणाला मारलं तर मालक निर्दोष ठरतो. पण तो बैल आधीपासून मारका आहे, मालकाला तशी ताकीद मिळाली आहे, आणि तरी त्याने बैलाला आवरलं नाही, तर मृत्यूचा दोष मालकावर येतो. फरक पडतो तो ताकीद मिळाली होती की नाही याने. मला ऑगस्टमध्येच मेस्त्रीने ताकीद दिली होती.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवं घर बांधणाऱ्याला सांगितलं आहे की गच्चीला कठडा घाल, नाहीतर कुणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. इथे कुणी कुणाला ढकललेलं नाही, कुणाच्या मनात वैर नाही. तरीही कठडा नसणं हाच दोष. मला वाटतं, आपल्या काळात ब्रेक हा गाडीचा कठडा आहे.

हा विचार माझ्या पदरचा नाही. कॅथलिक श्रद्धाग्रंथात पाचव्या आज्ञेच्याच विवेचनात, परिच्छेद 2290 मध्ये, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्यांना गंभीर दोष लागतो, असं सांगितलं आहे. 2007 साली व्हॅटिकनने रस्त्यावरच्या पाळकीय सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. पहिली आज्ञा सिनाय पर्वतावरचीच, खून न करण्याची. नववीत रस्त्यावरच्या दुबळ्याला जपायला सांगितलं आहे.

रस्त्यावरचा दुबळा कोण, हे आकडे पाहिले की कळतं. सरकारी अहवालाप्रमाणे 2022 साली आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा आणि त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. चारचाकीत बसलेल्या आपल्याभोवती पत्रा असतो, पट्टा असतो. आपल्या हलगर्जीपणाची किंमत बहुधा दुसराच मोजतो, आणि तो बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकले आहेत.

पहिला असा की, "मास्तर, देवावर विश्वास हवा. वेळ आली असली तर नवी गाडीही वाचवत नाही." मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आठवा. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि उडी घ्यायला सांगतो, देवदूत झेलतील म्हणून. सैतान तिथे चक्क स्तोत्रातल्या वचनाचा आधार देतो. प्रभू उडी घेत नाही. देव झेलणार नाही म्हणून नव्हे, तर देवाची अशी परीक्षा पाहायची नसते म्हणून. गुळगुळीत टायरवर जपमाळ म्हणत घाट उतरणं म्हणजे तीच उडी, आणि आपण तर मागच्या सीटवर मुलांना बसवून ती घेतो.

दुसरा आक्षेप खरा आहे, आणि त्याला टोलवून चालणार नाही. पैसे नसतात. आपल्या चर्चमध्ये रिक्षा चालवणारे आहेत, हप्त्यावर टेम्पो घेतलेले आहेत. चार टायर एकदम बदलायचे म्हणजे त्यांच्या घरातली महिन्याची बेरीज कोलमडते. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, कारण माझ्याकडे पैसे होते आणि तरी मी काम ढकललं. पण अशा बांधवाला कर्ज देणं, मंडळाच्या फंडातून निदान एका टायरची मदत करणं, हे दानधर्माचंच काम आहे. सणाला रोषणाईवर आपण जेवढा खर्च करतो, त्यातला थोडा भाग कुणाच्या तरी हेडलाईटकडे वळवता येईल.

बाकी बऱ्याच गोष्टींना पैसे लागतच नाहीत. टायरच्या खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच 1.6 मिलिमीटर उरली आणि टायरचं आयुष्य संपलं असं समजायचं. हे पाहायला एक मिनिट लागतो. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे मुलांना गणितात शिकवतात, आपण स्टिअरिंगवर विसरतो. समोरून कुणी येताना दिवा डिप्परवर घ्यायचा. मागच्या सीटवरही पट्टा लावायचा. लग्नाच्या जेवणात दोन पेग घेतले असतील तर किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

आता आशीर्वादाविषयी. काही जण म्हणतील, मास्तरांचा मेडलवरचा विश्वास उडाला. उडाला नाही. मेडल अजून डॅशबोर्डवर आहे. पण वाहनाच्या आशीर्वादाची प्रार्थना मी आता नीट वाचली. ख्रिस्तसभेच्या आशीर्वादविधीत आपण फक्त आपल्या सुखरूप प्रवासासाठी मागत नाही. हे वाहन चालवणाऱ्याने इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घ्यावी, अशीही मागणी त्यात आहे. म्हणजे आशीर्वाद घेताना आपण एक वचनही देतो. मी आशीर्वाद घेतला आणि वचन गॅरेजमध्ये विसरलो.

संत क्रिस्तोफरची आख्यायिका आपण मुलांना सांगतो. तो प्रवाशांना खांद्यावर घेऊन नदी पार करवत असे, आणि एका रात्री त्याने उचललेलं बाळ स्वतः ख्रिस्त होतं. त्या गोष्टीत क्रिस्तोफर हा ओझं वाहणारा आहे. त्याचं मेडल लावणाऱ्याने आपणही कुणाला तरी सुखरूप पैलतीरी नेतो आहोत याचं भान ठेवायला हवं.

म्हणून एक सुचवतो. 25 जुलैला संत क्रिस्तोफरचं स्मरण करतात. तेव्हा आपल्याकडे पाऊस ऐन भरात असतो आणि रस्ते निसरडे. त्याच्या जवळच्या रविवारी चर्चच्या आवारात वाहनांना आशीर्वाद ठेवावा. पण आधी आपल्यातल्याच गॅरेजवाल्या बांधवांनी मिस्सेनंतर तासभर प्रत्येक गाडीचे टायर, दिवे, वायपर, ब्रेक ऑईल पाहावं आणि चिठ्ठीवर लिहून द्यावं. ज्याच्या चिठ्ठीवर काम निघेल, त्यालाही आशीर्वाद द्यावा. आणि महिन्याभरात काम झालं का, हे आपण एकमेकांना विचारावं. भीड न धरता विचारावं, जसं त्या आईने मला विचारलं.

मी तिच्या घरी गेलो. दुसऱ्या मुलाच्या घरीही गेलो. दोन्ही घरी ऑगस्टपासूनचं सगळं सांगितलं आणि क्षमा मागितली. एका घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरी मुलाचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि अजूनही ते मुलाला माझ्या गाडीत पाठवत नाहीत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. क्षमा मागणं माझ्या हातात होतं. विश्वास परत यायला वेळ लागेल.

हे प्रभू, रस्त्यावर माझ्यापुढे चालणारा प्रत्येक जण तुझा आहे. मला तो वेळेवर दिसू दे, आणि त्याच्यासाठी थांबता येईल अशी माझी गाडी व माझं मन ठेवण्याची बुद्धी दे. आमेन.