आपल्या पेटीतले कागद



मासळी सुकवण्याच्या जागेबद्दलचं निवेदन घेऊन मढच्या कोळीवाड्यातल्या बायकांबरोबर आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. बोंबील, जवळा, मांदेली सुकवायची ही मोकळी जागा सासूकडून सुनेकडे वापरात आलेली. टेबलापलीकडच्या साहेबांनी निवेदन वाचलं आणि विचारलं, "इथे मासळी सुकवतात याला पुरावा काय?" बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. जिथे रोज कंबर मोडते त्या जमिनीचा पुरावा कसला द्यायचा?

प्रश्न उर्मट वाटला, तरी तो गैरलागू नव्हता. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतल्या कोळीवाड्यांना वेगळं संरक्षण दिलं गेलं. पण कोणत्या कोळीवाड्यांना? १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या संबंधित नोंदींत असलेल्यांना. २०१९ मध्ये नवी अधिसूचना आली, तरी कार्यालयातला प्रश्न तोच राहिला आहे: नोंद दाखवा.

आणि नोंद बहुतेक पुरुषाची असते. होडीचा परवाना त्याच्या नावे, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व बहुधा त्याचं, घराच्या कागदावर सासऱ्याचं नाव. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं निवडणं, सुकवणं, टोपली भरून बाजार गाठणं हे सगळं बाईचं. त्या कामाचा कागद फारसा कुठे बनतच नाही. मढचा लिहिलेला इतिहास पाहा. पोर्तुगीजांचा किल्ला, १७३९ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, शेजारी एरंगळचं जुनं चर्च आणि जानेवारीतली तिथली जत्रा. किल्ल्याचे फोटो हवे तितके मिळतील, सिनेमातही दिसतील. किल्ल्याखाली मासळी वाळत घालणारी बाई मात्र त्या इतिहासात नाही.

म्हणून आम्ही घरोघरच्या पेट्या उघडायचं ठरवलं. पहिलं उत्तर सगळीकडे एकच होतं, "आमच्याकडे काय असणार, बाई?" मग हळूहळू निघू लागलं. जुनी रेशनकार्डं, पालिकेच्या बाजार परवान्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, बचत गटाची वही, शाळेचे दाखले. एका घरी लग्नाचा काळापांढरा फोटो होता. पुढे वरात, मागे बांबू-दोरांवर वाळणारे बोंबील आणि वाकून काम करणाऱ्या तीन बाया. इतकी वर्षं त्या घरातल्यांनी नवरानवरीच पाहिली होती. त्या तिघींची नावं सांगू शकणारी एकच मावशी उरली होती. लग्नपत्रिका सापडल्यामुळे तारीखही मिळाली.

एका फोटोने जागा वाचत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण फोटो, तारीख, नावं आणि मावशीची सही केलेली साक्ष एकत्र जोडली, तर "पुरावा काय?" या प्रश्नापुढे गप्प बसावं लागत नाही.

पेट्यांतून नकोसंही निघालं. एकीला हक्कसोडपत्राची प्रत सापडली. अंगठा तिचाच होता, पण तो कशावर उठवला हे तिला कोणीच वाचून दाखवलं नव्हतं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये झाली. कायदा पुढे गेला, तिची पेटी मागेच राहिली. असा कागद बाहेर आला की घरात भांडण होतं. ते निस्तरायला सोबत राहण्याची तयारी नसेल, तर आपण पेटी उघडायला सांगू नये.

आपल्याकडूनही चुका झाल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी एका बाईकडून तिच्या आईचा एकुलता एक फोटो आणला आणि तो हरवला. तिने बोल लावला नाही, म्हणून मला जास्त लागलं. २६ जुलै २००५ च्या पुरात उपनगरांतल्या कितीतरी घरांचे कागद गेले. आपल्या गटांच्या जुन्या मोर्चांचे फोटो तरी कुठे आहेत? असले तर पाठीमागे नावं आहेत का?

जपलेला कागद काय करू शकतो, हे आपल्याला नवं नाही. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापलं गेलं आणि विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे आपल्याला आपली ही पूर्वज भेटली. एक प्रत उरली नसती तर? हाच विचार पुढे नेत १९८८ मध्ये डॉ. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी 'स्पॅरो' हे स्त्रियांचं संग्रहालय सुरू केलं. दहिसरला त्याची इमारत आहे. फोटो, पोस्टर, पत्रकं आणि बायकांच्या तोंडच्या आठवणी तिथे सांभाळल्या जातात. पण प्रत्येक वस्तीचं काम एका संस्थेवर सोपवून चालणार नाही.

वस्तीत करण्यासारखं पुष्कळ आहे. मूळ फोटो घरातून हलवू नका, तिथेच त्याची प्रत काढा. पाठीमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, जागा, वर्ष लिहा, पेनाने नको. चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन टाळा, त्याने फोटो कायमचा खराब होतो. किनाऱ्यावर दमट, खारी हवा असते, तेव्हा कागद भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि फोटो कुठे, कशासाठी वापरणार हे त्या बाईला आधी सांगा. ती नको म्हणाली तर नको.

सगळ्यात आधी म्हाताऱ्या बायांकडे जा. कागद अजून काही वर्षं टिकेल, पण त्याच्यावरच्या चेहऱ्यांची नावं त्यांच्याबरोबर जातील.

मढचं निवेदन आम्ही पुन्हा लिहितो आहोत, या वेळी सोबत कागद जोडून. तुमच्या वस्तीत कोणत्या पेट्या उघडल्या, त्यांतून काय निघालं आणि कोणत्या अडचणी आल्या, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा ठेवली आहे.