'आझाद' व्हिसात आझादी कुठे आहे?

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत दहावी-बारावीचा निकाल लागला की दोन प्रश्न ठरलेले असतात : टक्के किती पडले आणि पासपोर्ट काढला का? कोणत्या व्हिसावर जाणार, हे फारसं कोणी विचारत नाही. एजंट आणेल तो व्हिसा, मागेल ती रक्कम. त्या रकमेसाठी घरातल्या बायकांच्या बांगड्या मोडल्या जातात. म्हणून हा प्रश्न त्यांनी तरी विचारायला हवा.

'आझाद व्हिसा' नावाचा व्हिसा सौदीच्या कायद्यात नाही. तो बाजारातला शब्द आहे. कागदावर मुलगा एका कफीलचा कामगार असतो, प्रत्यक्षात काम स्वतः शोधतो आणि वर कफीलला पैसे देत राहतो. इकामा एकाच्या नावावर आणि मजुरी दुसऱ्याकडे, हे तिथे बेकायदा आहे. कफील नाराज झाला आणि त्याने 'हुरूब', म्हणजे कामगार पळाल्याची नोंद केली, की मुलगा अडकला. पगार बुडाला तर तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? ज्याच्याकडे राबला त्याच्याशी कागदावर नातंच नाही.

दुबईचा रस्ता व्हिजिट व्हिसाचा. 'जा, तिथे गेल्यावर काम मिळेल', असं सांगितलं जातं. पण व्हिजिट व्हिसावर काम करायला परवानगी नाही. मुदत संपली की दिवसाला 50 दिरहम दंड चढतो. महिनाभरात 1500 होतात. नोकरी शोधण्यासाठी तिथे 60, 90 आणि 120 दिवसांचा वेगळा व्हिसा आहे, पण तो पदवीधर आणि कुशल लोकांसाठी. शिवाय त्यावरही फक्त शोधता येतं, काम करता येत नाही.

आता आपल्या बाजूचं. आपल्याकडे 1983चा एमिग्रेशन कायदा आहे. दहावी न झालेला माणूस आखाती देशांसह 18 देशांत नोकरीला निघाला, तर त्याला सरकारी मंजुरी लागते. त्यासाठी त्याच्या नोकरीचा करार ई-मायग्रेटवर नोंदवला जातो आणि 10 लाखांचा विमा उतरवला जातो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. दहावी पास मुलाला ही मंजुरी लागत नाही. याला आपण 'सुटका' म्हणतो आणि खूश होतो. मी शिक्षक आहे. दहावीच्या सर्टिफिकेटाने करार वाचता येत नाही, हे मला रोज दिसतं. आमची मुलं लहानपणापासून कुरआन पढतात, अरबी अक्षरं त्यांना सरसर वाचता येतात. पण अरबी करारातला पगाराचा आकडा कशाबद्दल आहे, हे त्यांना कळत नाही. न कळता वाचायचं आणि अंगठ्याऐवजी सही करायची, एवढाच फरक शिक्षणाने पडला असेल तर काय उपयोग?

'कामाचा व्हिसा सहज मिळत नाही, म्हणून तर पोरं असं जातात', असं मला सांगतात. खरं आहे. मग एक-दोन वर्षं थांबा. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक व्हा. ज्याच्या हातात कसब आहे त्याला कंपनी स्वतःच्या नावाने व्हिसा देते. एजंटचा लायसन्स नंबर ई-मायग्रेटवर तपासा. कायद्याने त्याला 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच फी घेता येते. लाख-दीड लाख मागणारा आणि पावती न देणारा माणूस ओळखीचा असला, नात्यातला असला, तरी त्याला नाही म्हणा.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायची आणि साक्षीदार घ्यायची ताकीद आहे. आपण लग्नाचा मेहर लिहून घेतो, पण पोराची दोन वर्षांची मेहनत तोंडी बोलीवर देऊन टाकतो. जमातींनी एक साधं काम करावं. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत तासभर बसून करार वाचून देणारी दोन माणसं नेमावीत. गावात आखातातून परतलेले, अरबी समजणारे बुजुर्ग आहेतच. बांगड्या मोडायच्या आधी कागद त्यांच्यापुढे ठेवावा.