कट्ट्यालगतची वस्ती
दादरच्या शिवाजी पार्कात राहणाऱ्याचं भाजी, वाचनालय, शिवाजी मंदिरचं नाटक, समुद्र, सगळं पायी होतं. १९२५ साली खुल्या झालेल्या इथल्या सुमारे २८ एकरांच्या मैदानाला नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये शिवरायांचं नाव मिळालं. पण वस्तीचा जीव आहे तो मैदानाभोवतीच्या बुटक्या कट्ट्यात. संध्याकाळी तिथे गुडघे चोळत बसलेले आजोबा आणि शेजारी पॅड न सोडताच वडापाव खाणारा पोरगा. समोरच्या गोल गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती मात्र एकेक करून पाडल्या जाताहेत. पुनर्विकास हवाच, जिने चढताना म्हातारी माणसं दमतात. पण खालचे मजले नुसत्या पार्किंगचे झाले, तर रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला वरून हाक मारणार कोण? रस्त्याकडची पहिल्या मजल्याची गॅलरी नव्या आराखड्यातही राहिली पाहिजे, हा आग्रह रहिवाशांनी आत्ताच धरावा.