विश्लेषण : नवी मुंबईच्या क्रीडा संकुलाचे घोडे पैशांवर अडले की जागेवर?

भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तो नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिथून लोकलने दोन स्थानके पुढे सीबीडी बेलापूर. सिडको भवन, कोकण भवन आणि महापालिका मुख्यालय, तिन्ही इथेच. पण विश्वचषकाचे ते स्टेडियम खासगी आहे. सरकारी क्रीडा संकुलाचा विषय मात्र दोन दशके कागदावरच फिरत राहिला.

प्रकरण काय आहे?

घणसोलीतील २० एकर जागा २००३ मध्ये शासकीय क्रीडा संकुलासाठी ठरली. संकुल उभे राहिले नाही. २०१६ मध्ये सिडकोने त्यातला काही भाग निवासी व व्यापारी बांधकामासाठी खासगी विकासकाला दिला. २०२१ मध्ये राज्य सरकारने संकुल रायगडमधील माणगाव तालुक्यात नाणोरे येथे हलवायचे ठरवले. अंतर सुमारे ११५ किलोमीटर. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे नवी मुंबई केंद्र याविरोधात न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही निर्णय रद्द केले. सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने विचारले, खेळायला इतक्या लांब जाणार कोण?

साडेपाचला शाळा सुटलेल्या घणसोलीच्या मुलासाठी या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही.

मग पैशांचा प्रश्न कुठे येतो?

इथेच खरी गोम आहे. शहर विकसित जमिनीच्या विक्रीतूनच उभे करायचे, हे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे सूत्र. रस्ते, रेल्वे स्थानके, नोड अशा बऱ्याच गोष्टी त्यातून झाल्या, हे मान्य करायला हवे. पण या सूत्रात मोकळे मैदान म्हणजे न विकलेला भूखंड. हिशेब करून पाहा. २० एकर म्हणजे सुमारे ८१ हजार चौरस मीटर. दर चौरस मीटरला समजा १ लाख रुपये धरला, तरी रक्कम ८०० कोटींच्या वर जाते. धावपट्टी, इनडोअर हॉल, तरणतलाव यांचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. हे ८०० कोटी तिथे दिसत नाहीत, पण फाइल हलते ती त्यांच्यामुळेच. ‘संकुल नको’ असे कुणीच म्हणत नाही. ते फक्त स्वस्त जमिनीकडे सरकते.

लांबची जागा नेहमीच चुकीची असते का?

नाही. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल झाले, तेव्हा ते पुण्याच्या वेशीवर होते. आज शहर त्याला वेढून पुढे गेले आहे. मात्र बालेवाडीला पुण्याचा मुलगा बसने जाऊ शकत होता. माणगावला संकुल जरूर व्हावे, पण माणगावच्या मुलांसाठी. घणसोलीला पर्याय म्हणून ते दाखवणे दोन्हीकडच्या मुलांवर अन्याय आहे.

खासगी भागीदारी हा मार्ग?

काही प्रमाणात. मोठे कार्यक्रम पैसा आणतात. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम याच नेरुळच्या स्टेडियमवर झाले. पण सरकारी संकुलाचा खर्च अशा कमाईवर सोपवला, तर सरावाचे तास आधी कापले जातात. शुल्क, किती दिवस भाड्याने द्यायचे आणि शाळांसाठी राखीव वेळ, हे करारातच लिहावे लागेल.

पुढे काय व्हायला हवे?

आधी २० एकर क्रीडा विभागाच्या नावे करणे, तेही बाजारभावाने नव्हे तर नाममात्र मोबदल्यात. कारण शासनाचीच एक संस्था शासनाच्याच विभागाला बाजारभाव लावणार असेल, तर संकुल कुठल्याच अनुदानात बसणार नाही. त्यानंतर बांधकाम टप्प्याटप्प्याने करता येईल. सपाट मैदान, कुंपण, पाणी, स्वच्छतागृहे आणि दिवे हा पहिला टप्पा; छताखालचे खेळ आणि प्रेक्षागृह नंतर.