सहा बर्नर आणि एक वांगं

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी सुप्रभातचे गुलाब, वाढदिवसाचे केक आणि मामाने पुढे ढकललेले गुडघेदुखीवरचे उपाय याखेरीज काही येत नाही. या आठवड्यात मात्र तिथे रण माजलं. न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने स्वतःचं घर घेतलं. घरामागे परस आहे आणि परसात बार्बेक्यूचं ग्रिल हवं आहे. त्याने पाच-सहा फोटो टाकून ‘कोणतं घेऊ?’ एवढंच विचारलं. मामाने लगेच ‘तिकडेही चोऱ्या होतात का?’ अशी चौकशी केली. त्याला वाटलं, खिडकीचं ग्रिल.

भाच्याला घाई आहे. मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे तिकडे मेमोरियल डे. दिवस खरा युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा, पण दुकानदारांनी त्याला ग्रिल, गाद्या आणि फ्रिजच्या सेलचा मुहूर्त करून टाकलाय. सोमवारपर्यंत कौल द्या, असा निरोप आला आणि ज्यांनी जन्मात गॅसच्या शेगडीपलीकडे काही पाहिलं नाही, त्यांनी भराभर कौल दिले. मिक्सरच्या खरेदीवर मी लिहिलेला लेख ज्यांच्या लक्षात असेल, त्यांना माझी खोड ठाऊक आहेच. वस्तू हाताने ठोकल्याशिवाय आणि झाकण दहादा उघडून-मिटून पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. म्हणून गप्प होते. मग भाच्यानेच लिहिलं, ‘मावशी, तू इथे अख्खा उन्हाळा काढला आहेस, तू सांग.’ झालं. ताईचा अंगठा आला, भाऊजींचा आला नाही.

कारण भाऊजींनी तोवर एक्सेलमध्ये तक्ता करून टाकला होता. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती रिकामा वेळ आणि एक्सेल एकदम देऊ नये. किंमत, वजन, चाकं, वॉरंटी असे रकाने होते आणि सगळ्यांच्या वर ठळक अक्षरांत ‘बीटीयू’. ज्याचा आकडा मोठा, ते ग्रिल पहिलं. आता बीटीयू म्हणजे काय, तर ते बर्नर तासाला किती गॅस जाळतात त्याचा हिशेब. ती आच जाळीपर्यंत पोचते की कडेने आणि झाकणाच्या फटीतून बाहेर जाते, हे त्या आकड्यातून कळत नाही. मोठ्या, पोकळ, पातळ पत्र्याच्या डब्याला आकडा मोठा लागतोच. हे मी ग्रुपवर लिहिलं. भाऊजींनी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या चित्राचे किती अर्थ होतात, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

माहिती हवी असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. परसातल्या ग्रिलच्या मुख्य जाती तीन. पहिली कोळशाची. तिचा प्रसिद्ध गोल, झाकणवाला अवतार १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थांनी केला. ते वेबर ब्रदर्स या धातुकामाच्या कारखान्यात होते, तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनत. त्यांनी एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्याचं झाकण केलं. दुसरी जात गॅसची, खाली २० पौंडी प्रोपेनचा सिलिंडर. तिसरी लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी. ती १९८०च्या दशकात ऑरेगॉनमध्ये ट्रेगर कुटुंबाने आणली. तिच्यात विजेवर फिरणारा स्क्रू गोळ्या आपोआप आगीत ढकलतो, म्हणजे चूल पेटवायलाही प्लग शोधायचा. तिकडच्या कोळशाच्या वड्यांची कथाही गमतीची आहे. फोर्डच्या मोटारींना तेव्हा लाकूड पुष्कळ लागे. त्याचे तुकडे नि भुसा वाया जाऊ नये म्हणून १९२०च्या दशकात हेन्री फोर्डने त्याच्या वड्या पाडून विकायला काढल्या. काटकसर म्हणतात ती ही.

तर भाऊजींचा कौल सहा बर्नरच्या गॅस ग्रिलला. शेजारी आणखी एक बर्नर, ‘आमटी ठेवायला’. मला सांगा, सहा बर्नर पेटवून शेजारी आमटीच उकळायची असेल, तर स्वयंपाकघराने काय घोडं मारलंय? घरातली शेगडी उचलून अंगणात नेली आणि तिला दीड लाखाचं झाकण लावलं, इतकंच झालं. त्या झाकणावरच्या काट्याचंही मला कौतुक नाही. तो झाकणाजवळच्या हवेचं तापमान सांगतो. पदार्थ असतो खाली जाळीवर.

आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे, जो एक्सेलमध्ये नव्हता. बर्नरच्या वर तिरप्या पट्ट्या बसवलेल्या असतात. मांसातली चरबी वितळून त्या तापलेल्या पट्ट्यांवर टपकते, चर्र होते, तिचा धूर वर चढतो आणि तो वास मांसाला लागतो. गॅसला स्वतःला वास देता येत नाही, सगळी मदार त्या टपकण्यावर. आता आमच्या भाच्याच्या घरी काय भाजणार? भाचेसून शाकाहारी, तिचे आईवडील शाकाहारी, भाचा सोमवार आणि गुरुवार पाळतो. वांग्यातून टपकलं तर पाणी टपकेल. ढोबळी मिरची तेवढंही टपकत नाही. पनीरचं दही थोडंफार गळेल म्हणा. शाकाहारी घराने सहा बर्नरचा गॅस घ्यायचा म्हणजे धुराची यंत्रणा विकत घेऊन धूर दुकानातच ठेवून यायचं.

तिथल्या पुरुषांबद्दलही एकदा बोलायला हवं, कारण हे ग्रिल प्रकरण तिकडे पुरुषांचं मानलं जातं. जो माणूस वर्षभर चहाचं पातेलं धूत नाही, तो शनिवारी अ‍ॅप्रन घालून लांब चिमटा हातात धरतो आणि परसात उभा राहतो. आत बायको कांदे सोलते, पनीरला मसाला चोळते, काकडी-टोमॅटो चिरते, प्लेटा काढते, चटणी करते. बाहेर हा माणूस कणसं उलटतो आणि पाहुणे म्हणतात, ‘वा! आज तुमच्या हातचं!’ संध्याकाळी ती चिकट जाळी कोण घासतं, हे मी विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही. आपल्याकडेही आगटीभोवती हुरडा भाजायला पुरुषच पुढे असतात, पण तिथे निदान गोवऱ्यांची राख अंगावर घ्यावी लागते.

(जाळी घासण्यावरून आठवलं. तारेचा ब्रश घेऊ नकोस, असं मी भाच्याला बजावलंय. त्याच्या तारा निसटतात, जाळीला चिकटतात आणि तिथून घासाबरोबर पोटात जातात. डॉक्टरांनी काढलेल्या तारांच्या बातम्या तिकडे येत असतात. चुरगळलेली फॉइल चिमट्यात धरून घासावं, काम भागतं.)

आता मी त्या उन्हाळ्यात पाहिलेलं दृश्य. मराठी मंडळींची सहल होती. तिकडच्या बागांमधून लोखंडी खांबावर बसवलेल्या कोळशाच्या जाळ्या असतात, कुणीही यावं आणि पेटवावं. एकावर मक्याची कणसं होती. न्यू जर्सीचा मका फार गोड. भाजला की दाणे मऊ पडतात, वर लिंबू-तिखट-मीठ चोळलं तरी गोडपणा मागे राहतोच. आपल्या देशी कणसासारखे दात लावावे लागत नाहीत. ठीक आहे, देशाप्रमाणे मका. पण दुसऱ्या जाळीवर काही चांदीचे गोळे दिसले. विचारलं, हे काय? ‘भरताची वांगी’, एक काका अभिमानाने म्हणाले. वांगी फॉइलमध्ये गुंडाळली होती!

माझं माहेर जळगावचं, हे या सदरात मी इतक्यांदा सांगितलंय की संपादक ते खोडतात. या वेळी खोडू नये. फॉइलमधलं वांगं उकडतं, भाजत नाही. भरताचा वास येतो तो जळत्या सालीतून आणि जळत्या काडीतून. आमच्याकडे शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करतात. त्या भडकन पेटतात नि लवकर विझतात, म्हणून एक जण सारखा काड्या सरकवत असतो आणि दुसरा वांगी फिरवत असतो. साल काळी होऊन फाटते, आतून वाफ येते, देठाशी बोट लावलं की ते आत जातं. तेवढ्यात काढायचं. जरा उशीर झाला की गर कोरडा पडतो.

वांगंही आमचंच लागतं. हिरवट-पांढरं, भलं मोठं, बिया कमी. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, केळ्याबरोबरच. एरवी केळं सगळा मान घेऊन जातं. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचायची. मिक्सरचं नाव काढायचं नाही. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेलात तळलेले शेंगदाणे. मिरच्यांची संख्या माणसं बघून ठरत नाही, वांगी बघून ठरते. सोबत कळण्याची भाकरी. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि तिथून थंडी संपेपर्यंत शेताशेतात भरीत पार्ट्या चालतात. भाऊजी पुण्याचे. लग्नानंतर पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ‘थोडं तिखट आहे का?’ असं म्हणाले आणि नंतर तासभर गूळ खात बसले. ते एक्सेलमध्ये नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बऱ्याच वेळाने भाच्याचं उत्तर आलं, ‘मावशी, मग ग्रिल कोणतं?’

अरे हो. तर २२ इंची गोल झाकणवालं, कोळशाचं. दुकानात गेलास की आधी पाय धरून हलव. लटपटलं तर पुढचं बघ. वरची आणि बुडाची झडप उघडून-मिटून पाहा, कारण कोळशाच्या ग्रिलमध्ये बर्नरची खुंटी म्हणजे ती झडप. हवा वाढवली की आच वाढते. राखेचा डबा वेगळा निघाला पाहिजे. वड्यांऐवजी अख्ख्या लाकडाचा कोळसा घे आणि पेटवायचं ते वासाचं द्रव्य अजिबात घेऊ नकोस. पत्र्याचं नळकांडं मिळतं, खाली वर्तमानपत्र, वर कोळसे, पंधरा-वीस मिनिटांत लाल होतात. कोळसे एकाच बाजूला लोट, म्हणजे पनीर करपायला लागलं तर सरकवायला जागा राहते. वांगं मात्र जाळीवर ठेवू नकोस. जाळी काढ आणि थेट निखाऱ्यांवर ठेव. झाकण उघडंच.

ताईचा प्रश्न आला, ‘धुराने भिंत काळी होईल का?’ काळी नाही होणार, ताई, वितळेल. तिकडच्या बऱ्याच घरांना बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, ग्रिल जवळ ठेवलं की त्या वाकड्या होतात. परसाच्या मध्यावर ठेव म्हणावं. मामाने विचारलं, एवढं करण्यापेक्षा रविवार पेठेत बोहरी आळीतून लोखंडी शेगडी का नाही पाठवत? त्यावर कुणीच काही बोललं नाही. खरं तर मामा सगळ्यांत शहाणा आहे, पण त्याने गुडघ्यांच्या उपायांनी आपली पत घालवून ठेवली आहे.

भाच्याने घेतलं की नाही, ते सोमवारी कळेल. ग्रुपवर आता तो विषयच नाही. ताई-भाऊजी जूनमध्ये तिकडे जाणार आहेत आणि भाचेसुनेने बडगी मागितली आहे. ग्रिल नाही घेतलं तरी चालेल, म्हणे, बडगी हवी. मी भरताच्या वांग्याचं बी पाठवावं असंही तिच्या मनात होतं, पण कागदपत्रांशिवाय बी अमेरिकेत नेता येत नाही, ते नाव नको. बडगी लाकडाची, म्हणजे विमानतळावर जाहीर करावी लागेल. वजन आमच्या काट्यावर सव्वाचार किलो भरलं. ताईच्या दोन्ही बॅगा तेवीस-तेवीस किलोंवर आहेत. त्यात गोडा मसाला, मेतकूट, कुरडया आणि नातवाची पुस्तकं. कुरडया काढ म्हटलं तर ती रुसली. भाऊजींच्या बॅगेत जागा आहे, पण त्यांचं म्हणणं, ज्या वस्तूने आपल्याला तासभर गूळ खायला लावला ती आपण स्वतःच्या हाताने सातासमुद्रापार का न्यावी?